चौदा सेंट उतरलेला पंचम

होळीच्या आठवड्यात ताईंची इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मुकी झाली. नागपूरच्या महाल भागात, गांधीसागर तलावापासून पायी पाच मिनिटांवर, जुन्या घराच्या माडीवर त्यांचा गाण्याचा क्लास चालतो. माझी भाची तिथे सहा वर्षांपासून शिकते आहे. पेटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दाखवली. दुकानदाराने झाकण काढलं, आत डोकावला, वास घेतला आणि म्हणाला, "भाऊ, याची आयसी आता येत नाही. नवीन घेऊन टाका."

नवीन घेतली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण भाचीकडे अर्डुइनो ऊनो हा शिकाऊंचा छोटा संगणक-बोर्ड पडून होता, अकरावीचा प्रकल्प द्यायचा होता, आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला मामा सोल्डरिंग आयर्न तापवून कामाची वाट बघत बसला होता.

"मामा, आपणच करू ना. चारच तर सूर आहेत."

या चार सुरांनी आमचे पाच महिने खाल्ले. घरी वाद्य बनवू पाहणाऱ्याला निदान आमच्या चुका तरी आयत्या मिळाव्यात, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे. आणखी एक कारण आहे. ताईंची प्रत्येक तक्रार मला आधी आवडीनिवडीची वाटली, आणि प्रत्येक वेळी वही घेऊन बसलो तेव्हा तक्रारीच्या तळाशी आकडा सापडला.

मागणी काय होती

ताईंकडे खरा तंबोरा आहे, मिरजेचा. (मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ताईंचा त्याच्या कितीतरी आधीचा.) पण शिकवताना त्यांचे हात पेटीवर असतात, हार्मोनियमच्या पेटीवर. शिवाय मे महिन्यात नागपूरची कोरडी हवा भोपळ्याला मानवत नाही, म्हणून तो गवसणीत जातो. फोनवर तंबोऱ्याची ढीगभर ॲपं आहेत, ती त्यांनी वापरून बघितली होती. "सा लागला की कोणाच्या तरी आईचा फोन येतो," एवढंच त्यांचं परीक्षण.

त्यांच्या अटी भाचीने वहीत उतरवून आणल्या. फोन नको. पहिली तार पंचमाची, पण राग मालकंस असेल तर मध्यमाची आणि मारवा असेल तर निषादाची करता यावी. सा थोडा वर-खाली करायला खुंटी हवी. वीज गेली तरी वाजायला हवा. आणि शेवटची ओळ ताईंच्याच शब्दांत: "तंबोऱ्यासारखा वाजला पाहिजे, तंबोऱ्याच्या फोटोसारखा नको."

ताईंचा सा काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. ४४० हर्ट्झच्या मापाने मधल्या जोडीच्या दोन तारा २०७.६५ हर्ट्झवर, खर्ज (शेवटची तार, खालचा सा) त्याच्या निम्म्यावर म्हणजे १०३.८३ वर, आणि मंद्र पंचम खर्जाच्या दीडपट, १५५.७४ वर. भाचीने पहिल्या दिवशी पंचमाचा आकडा इंटरनेटवरच्या पियानोच्या तक्त्यातून घेतला होता, १५५.५६. फरक दिसायला किरकोळ. पण पियानोचा पंचम सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून आलेला असतो. तंबोऱ्याचा पंचम नेमका दीडपट. तारेच्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही मिसळलेले असतात, ते स्वरांश. खर्जाचा तिसरा स्वरांश आणि पंचमाचा दुसरा स्वरांश एकमेकांवर बसायला हवेत. पियानोचा आकडा घेतला की त्यांच्यात सेकंदाला ०.३५ चा फरक पडतो आणि दर तीन सेकंदांनी आवाज फुगतो-ओसरतो. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. ताई याला डुगडुगणं म्हणतात. ही चूक आम्हीच पकडली आणि स्वतःवर फार खूश झालो.

बझर आणि एमपी३

हे दोन प्रयत्न लवकर आटोपतो, कारण ते लवकरच आटोपले.

ऊनोमध्ये टोन नावाचं तयार फंक्शन आहे. पिन सांगा, वारंवारता सांगा, बझर वाजतो. पण एका वेळी एकच सूर, आणि तोही पूर्ण हर्ट्झमध्ये: १५५.७४ मागितलं की बोर्ड दशांश टाकून देतो आणि १५५ वाजवतो. आवाज चौकोनी लाटेचा, मागे येणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखा. वर आणखी, टोन चालू असताना ३ आणि ११ नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (दिवा मंद-तेज करायची सोय) चालत नाही, कारण दोघांचा टायमर एकच. भाचीने ११ वर मंद-तेज होणारा दिवा लावला होता. दिवा का रुसला हे शोधण्यात एक रविवार गेला.

मग मी शहाणपणा केला. मेमरी कार्डावरची एमपी३ वाजवणारं बोटभर मॉड्यूल मिळतं, बोर्डाने त्याला सिरीयलवरून फक्त हुकूम द्यायचे. ताईंचाच मिरजेचा तंबोरा रेकॉर्ड केला आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवायला लावला. आवाज अर्थातच सुरेख. पण तुकडा संपून पुन्हा सुरू होताना मध्ये एक खाच पडायची. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटतेच, त्यात मॉड्यूल पुन्हा सुरू व्हायला आपला वेळ घेतं. मी फाइल अर्ध्या तासाची केली, म्हणजे खाच अर्ध्या तासाने एकदा येईल. ताई म्हणाल्या, "म्हणजे मी अर्धा तास तिची वाट बघत गाऊ?" शिवाय खुंटी नव्हतीच. रेकॉर्ड केलेला सा पिळता येत नाही.

मोजून घेतलेली तार

आता मूळ गोष्ट. १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी तारेचा आवाज काढायची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की पहिल्यांदा वाचल्यावर कोणीतरी थट्टा करतंय असं वाटतं. समजा ओळीने शंभर डबे ठेवले आणि प्रत्येकात वाटेल तो आकडा टाकला. झाली तार छेडून. आता पहिल्या डब्यातला आकडा स्पीकरला द्यायचा, त्याची आणि शेजारच्या आकड्याची सरासरी काढायची, ती रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची, आणि रांग एक पाऊल पुढे सरकवायची. बस. सरासरीमुळे दर फेरीला आकड्यांचे कंगोरे झिजतात, म्हणजे वरचे स्वरांश आधी विरतात आणि खालचे रेंगाळतात. खऱ्या छेडलेल्या तारेत हेच होतं.

डबे किती, यावर सूर ठरतो. बोर्ड सेकंदाला १६,३८४ आकडे बाहेर टाकत असेल (ऊनोवर आवाजासाठी लोक वापरतात त्या मोझ्झी लायब्ररीचा नेहमीचा वेग हाच), तर १६,३८४ ला हव्या त्या हर्ट्झने भागायचं. सरासरीमुळे अर्ध्या डब्याचा उशीर आपोआप लागतो, तो वजा करायचा. चार तारा मिळून चारशेवर डबे. ऊनोच्या दोन केबी मेमरीत ते बसतात.

बसले. रामनवमीच्या सुट्टीत पहिल्यांदा चारही तारा एका पाठोपाठ वाजल्या तेव्हा भाची ओरडलीच. मलाही कबूल करायला हवं, घसा दाटला होता. दोन केबी! खात्यात आम्ही एवढ्या मेमरीत चार टेलिफोन नंबरसुद्धा धड ठेवले नसते.

ताईंनी डोळे मिटून पाऊण मिनिट ऐकलं.

"पंचम उतरलाय."

मी फोनवरचा ट्यूनर काढला. एकेक तार वेगळी वाजवून दाखवली. प्रत्येकीला हिरवा दिवा. "ताई, हे बघा, बरोबर आहे."

"तुमचा दिवा बरोबर असेल. पंचम उतरलाय."

घरी येताना भाची रिक्षात गप्प होती. मी मात्र मनात म्हणत होतो, वय झालं त्यांचं, कान तरी किती साथ देणार. त्याच रात्री वही उघडली आणि स्वतःची लाज वाटली.

डबे पूर्ण संख्येतच असतात, ही गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. जोडीच्या तारेला हिशेबाने ७८.४ डबे लागतात. आम्ही ७८ ठेवले होते. म्हणजे तार २०७.६५ ऐवजी २०८.७१ वर वाजत होती. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर जवळजवळ ९ सेंट चढी. पंचमाला लागतात १०४.७ डबे, आम्ही १०५ ठेवले, तार १५५.३० वर आली, ५ सेंट उतरली. ट्यूनर एकेक तार वेगळी तपासत होता आणि एवढी चूक त्याच्या हिरव्या पट्ट्यात मावत होती. ताई तारा वेगळ्या ऐकतच नव्हत्या. त्या षड्ज आणि पंचम यांच्यातलं अंतर ऐकत होत्या, आणि तिथे नऊ आणि पाच मिळून चौदा सेंट झाले होते. श्रुतींमधलं सर्वात लहान अंतर, प्रमाणश्रुती, साडेएकवीस सेंटांचं असतं, म्हणजे आमची चूक तिच्या निम्म्याहून जास्त. जोडीचा तिसरा स्वरांश ६२६ वर आणि पंचमाचा चौथा ६२१ वर: सेकंदाला पाच विस्पंद. ताईंना पंचम उतरलेला "वाटत" नव्हता. तो उतरलेलाच होता, आणि मी त्यांना दिवा दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी ताईंना हा हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मग अर्धा डबा का ठेवत नाही?"

अर्धा डबा ठेवता येतो. त्याच १९८३ साली डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी या पद्धतीत सुधारणा सुचवल्या, त्यातली एक नेमकी हीच. रांगेच्या शेवटी एक ऑलपास गाळणी लावायची. नाव गाळणी, पण ती कुठलाच स्वरांश दाबत नाही. फक्त डब्याच्या अपूर्णांकाइतका उशीर लावते. शेजारच्या दोन आकड्यांमधली सरळ रेषा काढूनही अपूर्णांक मिळवता येतो, आणि बहुतेक जण आधी तेच करतात. पण त्याने वरचे स्वरांश जास्तीचे झिजतात आणि तार भुसभुशीत वाजते. तंबोऱ्याचा तर जीवच वरच्या स्वरांशांत असतो.

इथे आम्ही ऊनो सोडला. त्याच्यावर जमलंच नसतं असं नाही. चिप ज्या ठोक्यांवर काम करते ते १६ मेगाहर्ट्झला दर आकड्यामागे साधारण ९७६ मिळतात, चार तारांत वाटले तर प्रत्येकी अडीचशेच्या आत. दशांशाचं गणित त्याच्या हार्डवेअरमध्ये नाही, ते सगळं पूर्णांकांत वळवावं लागतं. हौशी माणूस तेही करतो. पण ऊनोच्या मुख्य चिपचा १६ मेगाहर्ट्झचा ठोका सिरॅमिक रेझोनेटरवर चालतो, क्रिस्टलवर नाही, आणि त्यात अर्धा टक्का इकडेतिकडे चालतं असं गृहीत असतं. अर्धा टक्का म्हणजे साडेआठ सेंट. चारही तारा एकदम सरकतात, त्यामुळे तंबोरा स्वतःशी सुरात राहतो. पण शेजारी हार्मोनियम धरली की दोघांचं पटत नाही. मला एका बोर्डावर दोन भांडणं नको होती.

ईएसपी३२ चा बोर्ड आणला, बर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्लीतून. २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी मेमरी, दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये, ठोका क्रिस्टलचा. आकड्यांचा वेग सेकंदाला ४४,१०० केला. नुसता वेग वाढवून भागलं असतं का? नाही. जोडीच्या तारेला आता २१२ च्या आसपास डबे झाले, तरी अर्ध्या डब्याची चूक चार सेंटांची होतेच. गाळणी हवीच. जोडीसाठी २११ पूर्ण डबे आणि ०.८७ डब्याची गाळणी.

त्या दिवशी ताईंनी पंचमाबद्दल काहीच म्हटलं नाही. थोडं ऐकून म्हणाल्या, "जोडी कुठे आहे?"

जोडी होती. दोन तारा, दोघी हजाराव्या भागापर्यंत सारख्या, म्हणूनच ती ऐकू येत नव्हती. एकाच तारेवर दोनदा बोट मारावं तसं वाजत होतं. खऱ्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा कितीही मिळवल्या तरी केसभर फरक राहतो आणि त्या फरकातूनच आवाज हलता राहतो. चौदा सेंट काढायला महिना घालवला होता. आता मुद्दाम एक सेंट घातला. मूळ सुरात आठ सेकंदांनी एक हेलकावा, वरच्या स्वरांशांत त्याहून भरभर. ताईंनी मान हलवली. भाची म्हणाली, "मामा, आपण चूक परत टाकून राहिलो ना?" टाकतच होतो.

जवारी

आतापर्यंतचा आवाज सुरात होता, पण गिटारसारखा. तंबोऱ्याची तार घोडीच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, धारेवर टेकत नाही. घोडीच्या किंचित बाकदार, रुंद पाठीवर पसरून टेकते. तिच्याखाली सुताचा धागा सरकवून जागा शोधली की तार घोडीला चाटत चाटत झणझणते. ती जवारी.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या तारांवर लिहिलं होतं. नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल, तो स्वरांश आवाजात येता कामा नये. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात तो येतो, आणि त्याचं कारण ती बाकदार घोडी. हे मी भाचीला सांगत होतो तर तिने विचारलं, "आपल्या रामन विज्ञान केंद्रातले रामन?" तेच. ताईंच्या माडीपासून ते केंद्र हाकेच्या अंतरावर. शिवाय १९१० च्या सुमारास, अर्थखात्याच्या नोकरीत असताना, रामन काही महिने नागपुरातच होते.

आम्ही घोडीची नक्कल अशी केली. तार घोडीच्या पाठीवर जितकी लपेटली जाते तितकी तिची झणझणणारी लांबी घटते, आणि हे प्रत्येक कंपनात होतं. म्हणून रांगेची लांबी स्थिर न ठेवता, त्या क्षणी तार कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे डब्याच्या लहानशा अपूर्णांकाने कमी-जास्त केली. किती अपूर्णांक, याचं उत्तर कागदावर मिळालं नाही. एक पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजासारखं फिरवायचं बटण) तात्पुरता जोडला, त्याच्यावर "धागा" असं लिहिलं आणि ताईंच्या हातात दिलं. त्यांनी फिरवला, थांबल्या, किंचित मागे घेतला. "इथे." कान जवळ नेऊन खऱ्या घोडीवर धागा सरकवतात अगदी तसंच. तो आकडा मी वाचून कोडमध्ये टाकला. या सबंध प्रकरणात माझ्या हातून झालेलं सर्वात शहाणं काम कुठलं, तर ते पोटेन्शिओमीटर देणं.

जवारीमुळे एक फुकटचा लाभ झाला. तीन इंची स्पीकर १०४ हर्ट्झचा खर्ज मुळातच नीट देत नाही. पण २०८, ३११, ४१५ असे त्याचे वरचे स्वरांश भरघोस असले की कान तळाचा सूर स्वतःच भरून काढतो. जवारीच्या आधी ताई म्हणायच्या खर्ज कुठे आहे. जवारीनंतर तोच स्पीकर, तोच ॲम्प्लिफायर, आणि तक्रार गेली. स्पीकर बसवलेला डबा मात्र बदलावा लागला. पहिला स्टीलचा होता, फराळाचा. तो स्वतःच्याच सुरात गायचा. मग प्लायचा केला आणि सांधे एम-सीलने बुजवले. भोपळ्यात बसवा असा सल्ला निदान चौघांनी दिला. त्यांनी बसवून दाखवावा.

पाण्याचा पंप

मे उजाडला. पेटी ताईंच्या माडीवर गेली आणि दोन दिवसांत फोन आला: मधेच थांबते, मग आपोआप सुरू होते. माझ्या घरी आठ-आठ तास चालवली, एकदाही थांबली नाही. मी कोड उकरत बसलो. एक खरा दोष सापडलाही. आवाजाच्या लूपमध्येच मी तपासणीचे आकडे सिरीयलवरून संगणकाला पाठवत होतो, त्यामुळे अधूनमधून टिक असा आवाज यायचा. तो काढला. पेटी थांबतच राहिली.

ईएसपी३२ शेवटचं रीसेट कशामुळे झालं हे लक्षात ठेवतो आणि विचारलं तर सांगतो. भाचीने ते कारण सुरू होताना एका लहान दिव्यावर दाखवायची सोय केली: कोड अडकला तर दोन उघडझाप, व्होल्टेज पडलं तर पाच. मग ती क्लासला वही घेऊनच बसली. तीन दिवसांनी वही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक वेळी पाच उघडझापा. आणि वेळेसमोर लिहिलेलं: "खालच्या काकांनी पंप लावला." "पंप." "कूलर सुरू केला." "पंप."

जुन्या घरातलं जुनं वायरिंग, उन्हाळ्यात सगळ्या मजल्यांवर कूलर, त्यात पाण्याचा पंप सुरू होताना ओढणारा जोरदार करंट. माझा मोबाईलचा स्वस्त ॲडाप्टर तो झटका पचवू शकत नव्हता. नेमका त्याच क्षणी खर्ज छेडला गेला असला तर ॲम्प्लिफायरही हिसका द्यायचा, आणि पाच व्होल्टची वाट दोघांची एकच होती. उपाय एकाच संध्याकाळी केले: ॲम्प्लिफायरच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ॲम्प्लिफायर आणि बोर्ड यांच्या ग्राउंडच्या तारा वेगळ्या काढून एकाच बिंदूला जोडल्या, ॲडाप्टर बरा घेतला, आणि कोडमध्ये वायफाय पूर्ण बंद केलं, कारण ते चालू असलं की करंट उगाच उसळ्या मारतो. ग्राउंड सुटे केल्यावर मागे जी बारीक किरकिर होती तीही गेली. ती किरकिर मी तोवर कूलरच्या नावावर खपवत होतो.

विजेची अट पॉवरबँकने भागेल असं वाटलं होतं. पहिली पॉवरबँक बारा मिनिटांत बंद पडली, भरलेली असून. ताई आवाज बारीक ठेवतात; तेवढा करंट बघून पॉवरबँकेला वाटलं, फोन भरला, झोपायला हरकत नाही. कमी करंटवर न झोपणारी दुसरी मिळाली. तिच्यावरच लिहिलेलं असतं, वाचायला हवं होतं.

खुंटी

खुंटीसाठी आधी साधा पोटेन्शिओमीटर लावला होता. ईएसपी३२ चं व्होल्टेज मोजणं स्थिर नसतं, आकडा सतत थरथरतो. सा पण थरथरायला लागला. सरासऱ्या काढून थरथर कमी केली, तर खुंटी सुस्त झाली. म्हणून फिरता एन्कोडर (व्होल्टेजऐवजी पायऱ्या मोजणारं बटण) आणला, एका पायरीला एक सेंट. हिशेब स्वच्छ. पण त्या एन्कोडरला पायरीपायरीवर टक असा अडसर असतो. ताईंनी दोनदा फिरवला आणि हात मागे घेतला. "रेडिओचं स्टेशन लावल्यासारखं वाटतं. तंबोरा टकटक करून लागत नाही."

हे मात्र निव्वळ आवडीचं आहे, असं मी ठरवून टाकलं. पण सूर लावताना हात काय करतो ते बघायला त्यांच्यासमोर बसलो. खरी खुंटी आधी थोडी चढवतात, सुरापलीकडे, मग उतरवत उतरवत सुरावर आणतात, आणि शेवटचा केसभर फरक घोडीपलीकडच्या मण्याने काढतात. एक सेंटाच्या ठरलेल्या पायऱ्यांमध्ये हे बसत नाही. कानाला थांबायचं असतं ते दोन पायऱ्यांच्या मधे. म्हणून अडसर नसलेला, तेलासारखा फिरणारा एन्कोडर शोधला, पायरी पाव सेंटाची केली, आणि सूर एका पायरीवरून दुसरीवर उडी न मारता घसरत जाईल असं केलं. बर्डीवरचा दुकानदार म्हणाला, "बिनटकटकवाला कोणी मागत नाही भाऊ." दोन आठवड्यांनी आणून दिला.

हात

ऑगस्टमध्ये पेटी सुरात होती, थांबत नव्हती, खुंटी फिरत होती. भाचीचा प्रकल्प देऊन झाला होता. मी वही मिटायच्या बेतात होतो. ताई म्हणाल्या, "हा फार शहाण्यासारखा वाजतो."

म्हणजे काय? प, सा, सा, सा, चौघी घड्याळाच्या काट्यावर. भाचीने वेळेत आणि जोरात थोडा यादृच्छिक फरक टाकला. ताई हसल्या. "आता प्यायल्यासारखा." फरक कमी केला तर पुन्हा शहाणा, वाढवला तर पुन्हा प्यालेला. मधली जागा सापडेना, कारण बहुधा ती मधे नव्हतीच. माणसाचा हात वाटेल तसा चुकत नाही, स्वतःच्या पद्धतीने चुकतो. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने पुढच्या तिन्ही तारा. बोट बदलताना लागणारा वेळ आणि तारेवरून तारेवर जाताना लागणारा वेळ सारखे नसतात.

शेवटी मिरजेचा तंबोरा गवसणीतून काढला. भाचीला दहा मिनिटं वाजवायला सांगितलं, बोलायचं नाही, मोजायचं नाही. ते रेकॉर्ड करून प्रत्येक छेडीची वेळ आणि जोर काढला आणि तीच यादी पेटीत घातली. यादीची लांबी साडेतीन मिनिटांची निवडली, मग ती पुन्हा पहिल्यापासून. आवाज सगळा हिशेबातून येतो, हात तेवढा खरा.

रविवारी सकाळी पेटी ताईंसमोर ठेवली. काय बदललं ते सांगितलं नव्हतं. दोन आवर्तनं झाली असतील. त्यांनी डोळे उघडले आणि पेटीकडे न बघता भाचीकडे बघितलं.

"खर्ज झाल्यावर घाई करते. किती वेळा सांगितलंय मी तुला."

घरी येऊन यादी तपासली. खर्जानंतर पंचमाकडे येताना हात जवळजवळ दर आवर्तनात लवकर पडला होता. भाची म्हणाली, तो आकडा कोडमध्ये एका ओळीत नीट करता येईल. मी ताईंना फोन करून विचारलं, करू का?

"नको," त्या म्हणाल्या. "तिला येऊ द्या मंगळवारी. तंबोरा घेऊन बसेल."